हिराकसाचा मोह

समुद्रात लोह टाकलं की पाण्यातली सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, माजते, ती हवेतला कार्बन शोषते, मरून खोल तळाकडे जाते आणि कार्बन कित्येक शतकांसाठी गाडला जातो. ही कल्पना मला पटण्याआधी आवडली, आणि घोळ तिथेच झाला. पटलेल्या गोष्टीला माणूस कधीतरी पुन्हा तपासतो. आवडलेली गोष्ट तो फक्त चारचौघांत सांगत सुटतो. मीही सांगत सुटलो होतो: वर्गात, व्याख्यानांत, स्थानिक दैनिकातल्या माझ्या विज्ञानविषयक सदरात.

आवडण्याचं कारण जुनं होतं. मी मूळचा सांगलीकडचा. आमच्या चुनखडीच्या रानात ऊस केवड्यावर यायचा. पानं पिवळी, मग पांढुरकी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. वडील बादलीत हिराकस कालवून फवारायचे आणि थोड्याच दिवसांत रानाचा रंग पालटायचा. पुढे कॉलेजात कळलं की हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि लोहाशिवाय वनस्पतीला हरितद्रव्य बनवता येत नाही. पुस्तकातलं विधान आधीच रानात बघितलेलं असलं की त्याच्याबद्दल शंका घ्यायचं सुचत नाही.

त्यामुळे जॉन मार्टिनची गोष्ट वाचली तेव्हा मला वाटलं, हा आपल्याच गावचा माणूस. मार्टिन कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या सागरी प्रयोगशाळेचा संचालक. महासागरांत काही अवाढव्य पट्टे असे आहेत, की नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही पाणी ओसाड. अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक, उत्तर पॅसिफिकचा वरचा भाग. मार्टिनचं निदान सरळ होतं: तिथे लोह कमी आहे, कारण जमिनीवरची धूळ तिथवर पुरेशी पोचत नाही. १९८८ मध्ये वुड्स होल इथल्या एका व्याख्यानात तो अर्धवट गमतीने म्हणाला, की अर्धं जहाज भरून लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो. १९९३ मध्ये तो गेला. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, गॅलापागोस बेटांजवळ पहिला प्रयोग झाला आणि पाण्यातलं प्लवक वाढलं. १९९९ मध्ये दक्षिण महासागरात केलेल्या प्रयोगातला हिरवा पट्टा तर उपग्रहाच्या चित्रांत कित्येक आठवडे दिसत राहिला. माझ्या लेखी खटला तिथेच संपला होता. समुद्राला केवडा पडलाय, फवारा हिराकस.

मग २००९ साल उजाडलं. गोव्याच्या दोनापावल्यातली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून ‘लोहाफेक्स’ नावाचा प्रयोग आखला. ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन-जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघालं. मोहिमेचे दोन प्रमुख होते: गोव्याचे डॉ. वाजिह नक्वी आणि भारतात वाढलेले जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर स्मेटाचेक. जहाज निघालं न निघालं तोच पर्यावरणवादी संघटनांनी रान उठवलं. आदल्या वर्षी बॉनच्या जैवविविधता परिषदेत देशांनी ठरवलं होतं, की किनारी पाण्यातले छोटे शास्त्रीय प्रयोग सोडले तर समुद्रात अशी खतं टाकायची नाहीत. त्याचा हवाला देऊन जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि भर समुद्रात शास्त्रज्ञ ताटकळले. तज्ज्ञांचे अहवाल मागवून जानेवारीअखेर परवानगी मिळाली.

मी सदरात एक जहाल लेख लिहिला. त्यात मी काय काय म्हटलं होतं ते आता वाचवत नाही, पण कात्रण फायलीत आहे, त्यामुळे नाकबूल करायचीही सोय नाही. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं धूर ओकायचा आणि आपल्या शास्त्रज्ञांनी चार टन लोह टाकायला घेतलं की गळा काढायचा, असा एकूण सूर. ‘पाण्यात मूठभर मीठ टाकलं तर समुद्र खारट होतो, असं म्हणणारे हे लोक’ असंही एक वाक्य होतं. वाचकांना ते फार आवडलं. मलाही.

आज त्या लेखाकडे बघताना जाणवतं, की त्यात लोहाविषयी फार थोडं होतं. देशाभिमान होता, निदर्शनं करणाऱ्यांविषयीची जुनी तुच्छता होती, आणि आणखी एक गोष्ट होती जी मी तेव्हा स्वतःपाशीही बोललो नसतो. मला स्वस्तातली सुटका हवी होती. हवामानबदलावर व्याख्यान देऊन मी स्वतःच्या गाडीने घरी येत होतो, नवा एसी बसवत होतो, आणि दूर कुठेतरी शहाण्या माणसांनी भरलेलं एक जहाज माझा हिशेब मिटवून टाकणार होतं. मी ज्याला विज्ञाननिष्ठा म्हणत होतो, तिच्यात आळसाचा वाटा बराच मोठा होता.

लोहाफेक्सचे निष्कर्ष मार्चमध्ये जाहीर झाले आणि ते माझ्या मनासारखे नव्हते. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं गेलं. प्लवक वाढलं, पण वाढ लवकरच थांबली. डायटम नावाच्या वनस्पतींना काचेसारखं कवच बनवायला सिलिका लागते, आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच संपलेली होती. जे बारीक प्लवक वाढलं ते कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी जीवांनी फस्त केलं, आणि त्या कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडनी. कार्बन खाली गेला तो नगण्य. शास्त्रज्ञांनी हे काहीही न लपवता सांगितलं. मी मात्र ‘जागा चुकली’ एवढाच अर्थ काढला. ज्या रानात केवडा नाही तिथे फवारल्यावर काय होणार?

२०१२ मध्ये माझ्या या हट्टाला खतपाणी मिळालं. स्मेटाचेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मधल्या एका आधीच्या प्रयोगाचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी सिलिका भरपूर होती, डायटम फोफावले होते, आणि त्या बहरातला निदान निम्मा ऐवज हजार मीटरच्या खाली गेला होता. मी कात्रण काढून वर्गात लावलं.

त्याच वर्षी दुसरीही बातमी आली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या हैदा ग्वाय बेटांवरच्या ओल्ड मॅसेट या गावाने, रस जॉर्ज नावाच्या अमेरिकी व्यावसायिकाच्या साथीने, समुद्रात सुमारे शंभर टन लोहाची भुकटी ओतली होती. सामन मासे घटले होते. प्लवक वाढेल, मासे परततील आणि वर कार्बन क्रेडिट विकून पैसे येतील, असा बेत. गावाने त्यात कर्ज काढून पैसा घातला होता. जगभर टीका झाली. मी जाहीरपणे काही लिहिलं नाही, पण मनातून खूश होतो. कुणीतरी परवानग्यांची वाट न बघता करून टाकलं, असं मला वाटलं. या जॉर्जने २००७ मध्ये गॅलापागोसजवळ असाच मोठा बेत आखला होता आणि तो बारगळला होता, हे मला माहीत होतं. क्रेडिट विकणाराच किती कार्बन बुडाला ते मोजणार, यातली मेखही मला दिसायला हवी होती. मी रोज मुलांना सांगत होतो, प्रयोगाला तुलनेसाठी दुसरा नमुना लागतो. इथे तसा नमुना कुठे होता, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर आवडणार नाही अशी जी भीती असते ना, ती होती.

हे सगळं ढासळलं ते दक्षिण महासागरातल्या कुठल्या बातमीने नाही, घराजवळच्या पाण्याने.

एका सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, काही तरुण संशोधकांबरोबर गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या समुद्रात जाण्याचा योग आला. भाड्याचा ट्रॉलर, मालवणकडचा तांडेल, आणि मी पाहुणा. ती मुलं ठरावीक जागी जाऊन वेगवेगळ्या खोलीचं पाणी बाटल्यांत घेत आणि त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजत. पद्धत विंकलरची. ती पद्धत मी उभ्या नोकरीत शिकवली होती. बुडबुडा न येऊ देता बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो. मग त्याचं टायट्रेशन. आमच्या प्रयोगशाळेत नळाचं पाणी असायचं आणि साका न चुकता तपकिरी यायचा. फळ्यावर मी एक ओळ लिहायचो, की प्राणवायू नसल्यास साका पांढरा राहतो. मुलं ती वहीत उतरवायची आणि पुढे जायची.

पृष्ठभागाच्या पाण्याची बाटली तपकिरी झाली. मधल्या खोलीची फिकट पिवळसर. तळाजवळच्या पाण्याची बाटली माझ्याच हातात दिली होती. काच गार लागत होती. वर घाम फुटत असताना खालचं पाणी एवढं थंड कसं, हाच प्रश्न पहिल्यांदा मनात आला. मी बाटली उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. साका पांढरा राहिला. मी थोडा वेळ थांबलो, उजेडात धरून बघितली. मला वाटलं माझंच काही चुकलं, रसायन टाकायचं राहिलं. नवी बाटली भरली. तीही पांढरी. बाजूच्या उरलेल्या नमुन्याला वास होता, आणि तो मला ओळखायला क्षणही लागला नाही. किप्सच्या उपकरणापाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला हायड्रोजन सल्फाइड वेगळं सांगावं लागत नाही.

‘‘इथे लोह कमी आहे का?’’ मी नमुने घेणाऱ्या मुलीला विचारलं. प्रश्न विचारतानाच तो किती बावळट आहे ते जाणवलं, पण माझ्या डोक्यात समुद्राविषयी दुसरा प्रश्नच नव्हता.

‘‘नाही सर,’’ ती म्हणाली. ‘‘इथे कशाचीच कमी नाही. म्हणून तर असं होतं.’’

तांडेलाने तेच स्वतःच्या भाषेत सांगितलं. ‘‘ह्या पाण्यात आता मासो गावाचो नाय, सर. तो कधीच पळालो.’’

ती मुलगी मला समजावत राहिली आणि मी, शिक्षक, ऐकत राहिलो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचं थंड पाणी वर सरकतं. त्यात प्राणवायू आधीच कमी, पोषकद्रव्यं मात्र भरपूर. त्यावर प्लवक माजतं, मरतं, खाली बसतं, कुजतं. पावसाच्या गोड पाण्याचा थर वर झाकणासारखा असतो, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली जात नाही. कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो, मग जिवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर. मी ज्याची इतकी वर्षं आरती ओवाळत होतो, तो ‘प्लवक वाढतं, मरतं, बुडतं’ हा क्रम इथे अगदी नेमाने, दरवर्षी, कुणी काही न टाकता पार पडत होता. बुडाल्यावर काय होतं, हा भाग मी माझ्या लेखांत कधी लिहिलाच नव्हता. माझं प्लवक बुडायचं आणि गोष्ट संपायची.

दक्षिण महासागराची गोष्ट निराळी आहे, हे मला कळत होतं. ते पाणी खोल आहे, थंड आहे, प्राणवायूने भरलेलं आहे. तिथे कांदोळी होणार नाही. म्हणून त्या बाटलीने काही सिद्ध केलं असं मी म्हणत नाही. तिने फक्त मला वाचायला बसवलं. आणि पहिल्याच बैठकीत जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या या प्राणवायूहीन पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हे दाखवणारा गाजलेला निबंध २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. हा वायू तापवण्याच्या बाबतीत, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. आणि त्या निबंधाचे पहिले लेखक होते डॉ. नक्वी. ज्यांच्या मोहिमेच्या बचावासाठी मी लेखणी परजली होती, त्यांनीच नऊ वर्षं आधी या उपायाच्या एका मोठ्या धोक्याचं मूळ आपल्या अंगणात मोजून ठेवलं होतं. मी त्यांचा कैवार घेतला होता, त्यांना वाचलं नव्हतं.

दुसरा निबंध २००४ चा, सार्मिएंटो आणि सहकाऱ्यांचा. त्याने माझं रानच मोडलं. दक्षिण महासागरात जी पोषकद्रव्यं ‘वापराविना पडून’ असतात, ती पडून नसतात. तिथलं पाणी बुडून उत्तरेकडे सरकतं आणि कित्येक वर्षांनी दूरच्या समुद्रांत वर येतं. ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडच्या महासागरांतलं सुमारे तीन चतुर्थांश जैविक उत्पादन या पुरवठ्यावर चालतं. उसाच्या रानाला बांध असतो. माझ्या फवारणीने शेजाऱ्याचं खत चोरीला जात नाही. समुद्राला बांध नाही. दक्षिणेत लोह टाकून तिथलं नायट्रेट-फॉस्फेट तिथेच संपवलं, तर तेवढं कुणाच्या तरी वाट्यातून कमी होणार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रारूप-अभ्यासाने हेच पुढे नेलं: मोठ्या प्रमाणावर लोह टाकल्यास हवामानाला मर्यादित फायदा, पण तापमानवाढीने आधीच घटत चाललेलं सागरी जीवन आणखी घटण्याचा धोका.

इथे माझं मत खऱ्या अर्थाने उलटलं. तोवर मी धोका म्हणजे अपयश समजत होतो. प्लवक वाढलं नाही, बुडालं नाही, कोपेपॉडनी खाल्लं, म्हणजे प्रयोग फसला, एवढंच. पण फसलेल्या प्रयोगाने फारसं कुणाचं बिघडत नाही. प्लवक अपेक्षेप्रमाणे वाढलं आणि अपेक्षेप्रमाणे बुडालं, तर खालचा प्राणवायू वापरला जाणारच, पुढच्या समुद्राचा चारा कमी होणारच. या उपायाची किंमत त्याच्या यशातच आहे. आणि ती भरणाऱ्याला आपण काय भरतोय ते कळणारही नाही. काही दशकांनंतर कुठल्यातरी किनाऱ्यावर जाळं हलकं येईल आणि लोक पावसाला, ट्रॉलरांना, नशिबाला दोष देतील.

बाकीचे धोके मग पटापट दिसू लागले. बुडालेला बराचसा ऐवज काही शे मीटरांवरच कुजतो, आणि तिथला कार्बन काही वर्षांत, फार तर दशकांत, पुन्हा हवेत येतो. लोहाने कुठली वनस्पती वाढेल, हेही आपल्या हातात नाही. उत्तर पॅसिफिकमधल्या पाण्यात लोह मिसळून पाहिलं तेव्हा स्यूडो-निट्झिया जातीचे डायटम वाढले आणि त्यांचं डोमोइक आम्लही वाढलं, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. हेच विष १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिंपल्यांत उतरलं होतं. शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली, काहींची स्मृती गेली.

आता सोपा शेवट असा असता, की मी आंदोलकांची माफी मागून त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. तसं झालेलं नाही. त्यांच्याविषयीची माझी तुच्छता चुकीची होती, पण लोहाफेक्स अडवण्यात त्यांचंही चुकलं, असं मला आजही वाटतं. त्या मोहिमेकडे विकायला काही नव्हतं. ती माहिती आणायला गेली, आणि जी माहिती आणली ती या उपायाच्या कैवाऱ्यांना अडचणीची ठरली. ते जहाज केपटाऊनलाच रोखलं गेलं असतं, तर माझ्यासारखे लोक आणखी दहा वर्षं हिराकसाचे गोडवे गात बसले असते. हैदा ग्वायला जे झालं ते निराळं होतं. फरक टनांत तर होताच, पण त्याहून मोठा हेतूत होता. २०१३ मध्ये समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य देशांनी त्यात दुरुस्ती करून नेमकी हीच रेघ ओढली: खरं शास्त्रीय संशोधन असेल तरच परवानगी. पुरेशा देशांची मंजुरी न मिळाल्याने ती दुरुस्ती कित्येक वर्षं लटकून राहिली. २००९ मध्ये आंदोलकांनी या दोन गोष्टींत गल्लत केली, आणि मीही केली. त्यांना प्रयोगात धंदा दिसला. मला धंद्यात प्रयोग दिसला.

आणि एक टोचणी शिल्लक आहे, ती लपवत नाही. अरबी समुद्र तापतोच आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. काहीच न करण्याचीही किंमत कांदोळीसमोरच्या त्या तांडेलालाच मोजावी लागणार आहे. म्हणून ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ असं म्हणणाऱ्यांचा सात्त्विक चेहरा बघितला की माझा जुना राग अजून डोकं वर काढतो. ढवळाढवळ आपण कधीच करून बसलोय.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. कार्बन क्रेडिटच्या व्यवसायात शिरलाय. त्याला माझे जुने लेख आठवत होते, म्हणून आशेने आला होता. ‘‘सर, तुम्ही नेमके कुठल्या बाजूचे?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, मोजायला जाणार असशील तर तुझ्या बाजूचा, विकायला जाणार असशील तर नाही. तो म्हणाला, विकल्याशिवाय मोजायला पैसे कोण देणार? यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळाने सुचलं ते त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं: पैसे सरकारांनी द्यावेत, आणि देण्याआधी ज्यांच्या जाळ्यावर याचा परिणाम होऊ शकतो त्या किनाऱ्यांना विचारावं, मग ते किनारे हजारो मैलांवर का असेनात. तो म्हणाला, अशाने हे कधीच होणार नाही. शक्य आहे. तसं झालं तरी मला चालेल, हे वाक्य २००९ मध्ये मी लिहू शकलो नसतो.